पानं चिकटली म्हणून शेतातलं औषध कुंडीवर मारू नका

कोरफडीच्या पानाला हात लावला आणि बोटं चिकटली, पानफुटीवर तेल चोपडल्यासारखी चकाकी आली, जेडच्या कुंडीखालची फरशी पाय ठेवताच चिकचिकली, की आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत पुढची गोष्ट ठरलेली असते. छपरीच्या कोपऱ्यात कपाशीच्या फवारणीतून उरलेली बाटली असतेच. "त्यातलंच टोपणभर मार," असं कोणीतरी म्हणतं आणि ते टोपणभर विष घरात येतं. झरी जामणी तालुक्यातल्या प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे, ते टोपण उघडू नका. कुंडीतला हा त्रास ओळखायला सोपा आहे आणि पाणी, साबण, कापूस, निंबोळी एवढ्यावर तो आटोक्यात येतो.

चिकटा म्हणजे काय हे कपाशीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मावा आला की पऱ्हाटीची पानं चकाकतात, मुंगळ्यांची रांग लागते आणि थोड्या दिवसांनी पानांवर काजळी धरते. बोंड फुटल्यावर पांढरी माशी राहिली तर कापूसच चिकट होतो आणि पुढे यंत्रात अडकतो. घरातल्या कुंडीत नेमकं हेच घडत असतं. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड हे सगळे पानात सोंड खुपसून रस ओढणारे जीव आहेत. झाडाच्या रसात साखर पुष्कळ असते, पण किड्याच्या वाढीला लागणारं सत्त्व फार थोडं. ते पुरेसं मिळेपर्यंत किडा रस ओढत राहतो आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. पानावर जमलेला चिकटा हाच. त्याच्यावर जी काळी बुरशी वाढते ती साखरेवर जगते, पानाच्या आत शिरत नाही. ओल्या फडक्याने ती पुसली जाते. तिच्यासाठी बुरशीनाशक आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं. किडा गेला की साखर थांबते, साखर थांबली की काजळीही थांबते.

कोरफड, जेड, कलांचो, पानफुटी, अडेनियम, निवडुंग अशा मांसल झाडांवर सर्वांत जास्त सापडतो तो पिठ्या ढेकूण, ज्याला कृषी केंद्रात सगळे मिलीबग म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून लहान, मऊ, अंगावर पांढरी पिठी. उघड्या जागी तो फारसा बसत नाही. कोरफडीच्या दोन पानांच्या बेचक्यात, जेडच्या पेऱ्याशी, निवडुंगाच्या काट्यांच्या मुळाशी कापसाचं बोंडुक अडकल्यासारखा दिसतो. दुसरी खवले कीड. ती तपकिरी, फुगीर टिकलीसारखी पानाला किंवा खोडाला घट्ट बसते आणि हलत नाही, म्हणून लोक तिला झाडाचाच डाग समजतात. नखाने खरवडली तर सुटून येते, खरा डाग सुटत नाही. हिवाळ्यात कलांचोच्या किंवा कोरफडीच्या फुलांच्या दांड्यावर मावा येतो, तो मात्र उघड दिसतो.

पिठ्या ढेकणाशी आपल्या यवतमाळ जिल्ह्याची जुनी ओळख आहे. 2005 नंतरच्या दोन-तीन हंगामांत देशभरातल्या कपाशीवर जो मिलीबग तुटून पडला, तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, फेनाकोकस सोलेनॉप्सिस नावाचा. कपाशी त्याला आवडते, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. गाजरगवत, जास्वंद, भेंडी, अंगणातला ऑफिसटाइम, सगळ्यांवर जगतो. त्याला आवरण्यात मोठा वाटा होता एका इवल्याशा गांधीलमाशीचा, एनॅसियसचा. ती मिलीबगच्या अंगात अंडं घालते, आतली अळी त्याला पोखरते आणि मिलीबग तपकिरी, कडक फुगा होऊन बसतो. 2009 मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी या माशीचं शास्त्रीय वर्णन केलं. कुंडीवर असे तपकिरी फुगे दिसले तर ते खरवडू नका. तुमचं काम दुसरं कोणी करत आहे.

आता कीड घरात येते कशी ते पाहू, कारण इथे आपल्या भागाची खास अडचण आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून सरपणासाठी घराला लागून रचतो. त्या सुक्या काड्यांवर, उरलेल्या बोंडांच्या टरफलांत मिलीबग महिनोन् महिने तग धरतो. त्याची पिल्लं इतकी बारीक असतात की वाऱ्याने उडतात, वेचणीच्या ओच्याला, लुगड्याच्या काठाला, पायांना चिकटून येतात. मुंग्या तर त्यांना उचलूनच नेतात. कुंड्यांची रांग आणि पऱ्हाटीचा ढीग शेजारी असेल तर कितीही साफसफाई करा, कीड परत येणार. ढीग लांब हलवा, नाहीतर कुंड्या दुसऱ्या अंगाला न्या. दुसरी वाट म्हणजे आपलं देणं-घेणं. वणी किंवा पांढरकवड्याहून आणलेलं रोप, पैनगंगेपल्याडच्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेली फांदी, शेजारणीने काढून दिलेलं कोरफडीचं पिल्लू. देणं-घेणं बंद करा असं मी म्हणणार नाही, ते आपल्या माणसांचं सुख आहे. पण नवीन रोप तीन आठवडे वेगळं ठेवा. तेवढ्यात लपलेली कीड बहुधा वर येते.

इलाजाच्या आधी खात्री करून घ्या, कारण प्रत्येक चिकट पान किडीचं नसतं.

आधी वर बघा. कुंडी आंब्याखाली, सीताफळाखाली किंवा जास्वंदीच्या झुडपाखाली असेल तर चिकटा वरून पडलेला असू शकतो. आंब्याला मोहोर असताना तुडतुडे एवढा चिकटा गाळतात की खालची पानं, ओटा, उभी केलेली मोटरसायकल, सगळं माखतं. अशा वेळी पानाची वरची बाजू चिकट असते, खालची कोरडी, आणि बेचक्यात काहीच सापडत नाही. कुंडी हलवली, पानं धुतली की काम संपलं.

मग स्वयंपाकघर आठवा. चुलीजवळच्या किंवा शेगडीजवळच्या खिडकीत ठेवलेल्या झाडावर फोडणीची वाफ बसते. तिच्यावर धूळ चिकटते आणि पिवळट, चिवट थर तयार होतो. त्याला मुंग्या लागत नाहीत, थेंब दिसत नाहीत. साबणाच्या पाण्याने पुसा आणि झाड दुसरीकडे ठेवा. पानं चमकावी म्हणून खोबरेल किंवा गोडं तेल चोळण्याची सवय असेल तर तीही सोडा, पानाची श्वासरंध्रं तेलाने बंद होतात.

काही झाडं स्वतःच चिकट रस देतात. सापासारख्या पट्ट्यांची सान्सेव्हिएरिया फुलावर आली की दांड्यावर गोड थेंब येतात. तो फुलांचा मध आहे, रोग नव्हे. कोरफडीचं पान कापलं की पिवळा, कडू चीक गळतो आणि वाळून चिकट होतो. शेर, अडेनियम, काटेरी युफोर्बिया यांना पांढरा चीक असतो. हा चीक डोळ्यात गेला तर जळजळून डोळा सुजतो, म्हणून ही झाडं पुसताना लेकरांना दूर ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा.

पांढरं दिसलं की लगेच मिलीबग समजू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. जेडच्या पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात, त्यातून क्षार बाहेर येऊन पांढरे ठिपके धरतात. ते कोरडे, खरखरीत असतात, ओल्या बोटाने विरघळतात. मिलीबग बोटाखाली लोण्यासारखा चिरडतो आणि रंगीत ओल सोडतो. मुकुटबनच्या बाजूला आणि कोळशा-चुनखडीच्या गाड्या जातात त्या रस्त्याकाठी धुळीचा थर असतो, तो फुंकरीने उडतो. धुळीकडेही दुर्लक्ष नको, कारण धुळीने माखलेल्या पानावर किडी खाणाऱ्या मित्रकीटकांना नीट हिंडता येत नाही आणि खवले कीड बिनघोर वाढते.

पान मऊ, पारदर्शक, बुळबुळीत झालं असेल आणि वास येत असेल तर ती सड आहे. तिचा किडीशी संबंध नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, कपाशीला ते मानवतं, कोरफडीची मुळं त्यात कुजतात. सडलेल्या झाडावर साबण-निंबोळीचं पाणी मारणं म्हणजे मरणाला हातभार लावणं. पाणी बंद करा, झाड उपटा, कुजलेला भाग कापा, सावलीत सुकू द्या आणि रेती-मुरूम जास्त असलेल्या मातीत लावा.

एवढं पाहूनही शंका उरली तर सोपी परीक्षा आहे. चिकट पान साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा, खाली पांढरा कागद ठेवा. दोन-तीन दिवसांत पान परत चिकटलं, कागदावर चकाकणारे थेंब पडले, मुंग्या आल्या, तर किडा तिथेच आहे. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बेचक्याचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. वर काहीच सापडलं नाही आणि तरी झाड निस्तेज होत असेल तर ते कुंडीतून अलगद काढा. मुळांभोवती किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी बुरशीसारखी कापशी दिसली तर मिलीबग मुळाशी बसला आहे.

हे सगळं लवकर करायला हवं. रस शोषणारा किडा मांसल झाडाचं काय करू शकतो हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. एके काळी दख्खनच्या पडीक जमिनीवर फड्या निवडुंगाचं रान माजलं होतं. 1926 च्या सुमारास श्रीलंकेतून निवडुंगावर जगणारा एक कोशिनील किडा भारतात आणून सोडला. हा पिठ्या ढेकणाचाच दूरचा भाऊ, अंगावर तशीच पांढरी कापशी. काही वर्षांत निवडुंगाची रानंच्या रानं वाळून गेली. तिथे तेच हवं होतं. तुमच्या छपरीतल्या कुंडीचं तसं होऊ द्यायचं नसेल तर पहिला पांढरा ठिपका दिसला त्याच दिवशी कामाला लागा.

आणि इथेच हात त्या बाटलीकडे जातो.

2017 चा पावसाळा आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना, शेतमजुरांना विषबाधा झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसं भरती होत राहिली. वीसहून अधिक जण दगावले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. ही फवारणी उघड्या रानात, वारा वाहत असताना झाली होती आणि करणारी माणसं त्या कामाला सरावलेली होती. तेच द्रव्य तुम्ही बंद खोलीत, पाण्याच्या गुंडाशेजारी, रांगणाऱ्या लेकराच्या उंचीवर कशाला आणता?

शेतातल्या औषधाचं प्रमाण एकराच्या हिशेबाने ठरलेलं असतं. एका कुंडीला लागणारे थेंब घरातल्या चमच्याने मोजता येत नाहीत, म्हणून "टोपणभर" होतं. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, हे शेतातच नीट पाळलं जात नाही, घरात कोण पाळणार? मग तो चमचा, तो मग, ती फवारणीची लहान बाटली धुऊन परत वापरात येते. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची रीत तर थेट जीवावर बेतणारी आहे. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. शेतातलं विष आणि घरातलं अन्न एका छताखाली आलं, की असं होण्याला एक चूक पुरते.

आपल्या मांसल झाडांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. रस शोषणाऱ्या किडीसाठी कृषी केंद्रातून मिळणारी बरीचशी औषधं आंतरप्रवाही असतात. ती पानावर न थांबता झाडाच्या रसात उतरतात. कोरफड आणि पानफुटी ही तर पाणी आणि रस पानात साठवूनच जगणारी झाडं. आणि ही दोन्ही झाडं आपल्या घरात शोभेसाठी कमी, औषधासाठी जास्त असतात. पोळलं की कोरफडीचा गर लावतो, केसांना लावतो, काही जण खातात. मुतखड्यावर म्हणून पानफुटीची पानं गावोगाव कच्ची चावली जातात. तुम्ही फवारलं हे महिन्याभराने कोणाला आठवणार? शेजारची म्हातारी येऊन पान तोडून नेईल, तिला कोण सांगणार? ज्या झाडाचं पान कधीतरी कोणाच्या तोंडात किंवा जखमेवर जाणार आहे, त्याला शेतातलं औषध लावायचंच नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मुंग्यांसाठी मिळणारा खडूही कुंडीला ओढू नका, त्यातही कीटकनाशकच असतं आणि लेकरं त्याला पाटीवरचा खडू समजतात. तंबाखूचा काढा अनेक जण सुचवतील. निकोटिन हे स्वतःच जहाल विष आहे, कातडीतूनही अंगात भिनतं. रॉकेलने कीड मरते तशी पानंही करपतात.

झालीच चूक, कोणाच्या अंगावर औषध सांडलं, कोणी हुंगलं किंवा प्यायलं, तर कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने भरपूर धुवा, जबरदस्तीने उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊनच दवाखान्यात जा. तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलट्या, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, अंग थरथरणं, यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका.

आता इलाज. दुखणाईत कुंडी आधी बाकीच्यांपासून दूर न्या. जास्त बिघडलेली पानं काढून टाका. मातीवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे धुताना माती भिजून मुळं सडणार नाहीत. कुंडी आडवी धरून पानांच्या बेचक्यात पाण्याची जोराची धार सोडा. नळ नसेल तर झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली दाबून चांगली धार निघते. अर्धीअधिक कीड आणि जवळपास सगळा चिकटा इथेच निघून जातो. झाडाला पुरेशी ताकद असेल आणि कीड थोडी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी एवढंच करत राहिलात तरी चालतं.

बेचक्यात चिकटून राहिलेल्या मिलीबगसाठी कापूस. आपल्या जिल्ह्यात तो विकत आणावा लागत नाही. काडीला कापूस गुंडाळा, मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून दाबून घ्या आणि एकेका किड्याला टेकवा. पिठी विरघळते आणि किडा जागीच मरतो. पूर्ण पान स्पिरिटने धुऊ नका, फक्त किड्यापुरतं लावा. चूल, शेगडी, उदबत्ती यांच्याजवळ हे काम करू नका, स्पिरिट भपकन पेटतं. हातावरचं सॅनिटायझर वापरायचा मोह टाळा, त्यातले चिकट घटक पानावर राहतात. खवले कीड स्पिरिटने भिजवून नखाने किंवा जुन्या मऊ ब्रशने सोडवून काढा.

त्यानंतर साबणाचं पाणी. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा पातळ साबण, त्याहून जास्त नाही. कपडे धुण्याची पावडर नको, ती तिखट असते आणि पान भाजते. पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा किंवा फडक्याने लावा, तासाभराने साध्या पाण्याने धुवा. साबण किड्याच्या अंगावरचं मेण फोडतो म्हणून तो मरतो, पण आपल्या झाडाच्या पानावरही मेणाचा थर असतो. म्हणून आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा. ज्या झाडांच्या पानांवर निळसर-पांढरी भुकटी जन्मतःच असते, त्यांना साबण आणि तेल दोन्ही लावू नका, कापसाच्या काडीनेच काम भागवा. ती भुकटी एकदा गेली की त्या पानावर परत येत नाही.

निंबोळी अर्क आपल्याला कपाशीपासून माहीत आहे. पाच टक्क्यांचा अर्क, म्हणजे शंभर लिटरला पाच किलो निंबोळी. कुंडीसाठी एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम. वाळलेल्या निंबोळ्या भरडून रात्रभर भिजवा, सकाळी सुती कापडातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि त्याच दिवशी वापरून टाका. शिळा अर्क उपयोगाचा राहत नाही. जून-जुलैत निंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. हा अर्क तडकाफडकी मारत नाही. किड्याचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, पुढची पिढी उभी राहत नाही. दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले म्हणून निराश होऊन जहाल औषधाकडे वळू नका. उपचार सुरू असलेल्या कुंडीतलं पान मात्र या काळात खाण्यासाठी किंवा लावण्यासाठी तोडू नका.

सगळी फवारणी सूर्य मावळताना करा आणि नंतर दोन दिवस कुंडी सावलीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला टेकतो, ओल्या साबणी पानावर ते ऊन पडलं तर डाग कायमचे राहतात.

एकदा करून कोणाचीच कीड जात नाही. मिलीबगची एक मादी शेकडो पिल्लं देते आणि बेचक्यात, मातीत काही वाचतातच. दर आठवड्याला एकदा, असं चार आठवडे करा. मग पुढचा महिनाभर फक्त बघा. मधेच एखादा पांढरा, झिपऱ्या अंगाचा, मिलीबगपेक्षा मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते, मिलीबगसारखं रूप घेऊन मिलीबगच खाते. घाईत मारला जातो तो बहुतेक हाच.

मुंग्यांचा बंदोबस्त इलाजाइतकाच महत्त्वाचा. चिकटा हे मुंग्यांचं अन्न, त्यामुळे त्या किडीची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडी विटेवर ठेवा, वीट पाण्याच्या थाळीत ठेवा. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील. कुंडीचं पान भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला टेकलं असेल तर मुंग्या त्या पुलावरून येतात, तेवढं बघा.

कुंडीत युरिया टाकू नका. शेतातली पोती झटकून मूठभर युरिया कुंडीत टाकण्याची सवय अनेकांना आहे. युरियाने झाड एकदम लुसलुशीत होतं आणि रस शोषणाऱ्या किडीला असंच कोवळं, नत्राने भरलेलं पान हवं असतं. वर्षातून एकदा मूठभर जुनं शेणखत या झाडांना पुरतं.

मुळाशी मिलीबग असेल तर वरचा इलाज पुरेसा नाही. झाड उपटा, सगळी माती झटका, मुळं साबणाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवा, खराब मुळं कापा. झाड चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या, मांसल झाडाला त्याने काही होत नाही. मग एक भाग माती, एक भाग शेणखत आणि दोन भाग रेती किंवा चाळलेला मुरूम अशा मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

अडलंच तर तालुका कृषी कार्यालयात पान दाखवा किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर मराठीत विचारा. हा फोन मोफत आहे. विचारताना झाड घरात आहे आणि त्याची पानं आपण औषध म्हणून वापरतो, हे पहिल्याच वाक्यात सांगा.

काही झाडं वाचणार नाहीत. बुंधा मऊ पडला, प्रत्येक बेचक्यात कापशी भरली, तर त्यात जीव अडकवू नका. जेडचं एखादं स्वच्छ पान, पानफुटीच्या पानाची कड, कोरफडीचं निरोगी पिल्लू धुऊन, सुकवून वेगळं लावा. त्यातून झाड पुन्हा उभं राहतं. उरलेलं झाड उकिरड्यावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगावर फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आठ दिवस कडक उन्हात ठेवा आणि मग खोल पुरून टाका. जुनी माती पुन्हा भरू नका. रिकामी कुंडी गरम पाण्याने आणि साबणाने घासा, तिची कड आणि बुडाचं भोक विशेष घासा, दोन दिवस उन्हात पालथी ठेवा, मगच तिच्यात नवं झाड लावा.